मनूसाठी माकूल

ता. ५ डिसेंबर १८८६, रविवार

सकाळच्या गाडीने कल्याणास सासुरवाडीला गेलो. संध्याकाळी ठाण्यास परत. मनूला पुन्हा ताप नाही. पण हातातली बांगडी वर सारली तर कोपर ओलांडून जाते. पाच वर्षांच्या मुलीचा हात असा नसतो. हिला, मनूच्या आईला, जाऊन आज तीन महिने. मायलेकींना ताप एकाच आठवड्यात आला होता.

पेजेचा घास मी पुढे केला तर मनूने तोंड फिरवले. तोच वाडगा हिच्या धाकट्या बहिणीने, मनूच्या मावशीने, यमूने, हातात घेतला आणि मनूने सहा घास खाल्ले. मी मोजले.

डॉक्टर मटणाचा रस्सा द्या म्हणतात. तो तिच्या पोटात ठरत नाही.

मुलीला ठाण्यास न्यायचे काढले. सासूबाई म्हणाल्या, “अंगावर जरा मांस धरू दे, मग न्या. तुमचीच आहे.”

तुमचीच आहे, हे मला सांगावे लागते.

ता. ८, बुधवार

कोळीण ओट्यापाशी आली. हिच्या वेळची नव्हे, दुसरी. टोपलीत माकुले होती, लिबलिबीत मासळी, तोंडाशी पायांचा झुपका. म्हणाली, “घ्या वो रावसायेब. काटा नाय, कुसळ नाय. पोरांना द्या, धा दिसांत पोर टणक व्हतंय. बायकोला सांगा, शाईची पिशवी जपून काढ, नायतर कालवण कालंकुट्ट!”

सांगतो म्हणालो. एक घेतले.

शेजारच्या वैद्यबुवांना विचारले. “पचायला जड. पण पचलं तर मांस धरतं. आणि पाठीतली ती पांढरी ढाल फेकू नका हो, मला आणून द्या. औषधाला लागते.”

पिशवी फुटलीच. चार तांबे पाणी गेले. अर्धा तास शिजवले. जोड्याच्या तळव्यासारखे झाले. कच्चे राहिले असावे. हिने हे शंभर वेळा केले असेल, मी पाटावर बसून खाल्ले. कसे करतेस म्हणून एकदा विचारायचे होते.

कल्याणास कोणी माकूल मागितले नव्हते, मग मी हे कशासाठी करतो? मांस माझ्या हातचे खाऊन चढावे. एवढेच.

ता. १२, रविवार

पहाटे दोन माकुले घेतली. एक शिजवले, बुधवारपेक्षा जास्त वेळ. दुसरे कच्चेच केळीच्या पानात बांधले.

मनूने माझा तुकडा बराच वेळ चघळला. मग काढून माझ्याच हातावर ठेवला. “बाबा, हे संपतच नाही.” सासूबाई हसल्या. मीही हसलो.

यमूने डबा पाहिला. “भावोजी, याला दोन कढ आले की उतरायचं. जास्त ठेवलं तर आवळतं. ताईनं मला शिकवलं होतं.”

मला नाही शिकवले. “आमची ताई” असे ती दिवसातून दहा वेळा म्हणते आणि शेजारच्या बायका तिच्या पाठीवरून हात फिरवतात. मला कोणी काही म्हणत नाही, मीही कोणाजवळ नाव काढत नाही.

दुसरे माकूल तिने केले. आमसूल, नारळाचा रस, तिखट नावाला. ती विधवा, मासळी तोंडात घालत नाही. वासावर आणि हाताच्या अंदाजावर करते. वाटीत थोडा रस घालून माझ्यापुढे सरकवला. “मीठ बघा, भावोजी.”

खारट होते. दोनदा पडले होते.

मी म्हणालो, “बरोबर आहे.”

मनू जेवायला बसली. “मावशी, खारट आहे गं.” पाणी प्याली. पुन्हा घास घेतला. पुन्हा पाणी. सगळे संपवले.

यमूने माझ्याकडे पाहिले.

ता. १३, सोमवार

उपास. कचेरीत दोन कागद चुकीच्या बस्त्यात बांधले. साहेबांनी ते स्वतःच सोडवून नीट लावले. हल्ली सगळे मला सांभाळून घेतात.

पोरीला तहान लागली असेल रात्रभर.

ता. १९, रविवार

माकूल नेले नाही. धीर झाला नाही. यमूने तिथल्या बाजारातून आठवड्यात दोनदा आणवले होते. बांगडी आता कोपराच्या चार बोटे अलीकडे अडते. चेहऱ्यावर तजेला आला आहे. आनंद व्हायला हवा. झालाही, पण लगेच मनात आले की हे माझ्या गैरहजेरीत झाले.

दुपारी मनू झोपेतून उठली आणि “आई” अशी हाक मारली. यमू स्वयंपाकघरातून “ओ” म्हणून धावली. सासूबाईंनी मान खाली घातली आणि तांदूळ निवडू लागल्या. तांदूळ निवडलेलेच होते.

निघताना यमू दाराआड उभी होती. मी म्हणालो, “त्या दिवशी मीठ जास्त होतं. मला कळलं होतं.”

“ठाऊक आहे.”

“कसं?”

“तुम्ही वाटी खाली ठेवलीत आणि पाण्याकडे हात नेऊन मागे घेतलात.”

“मग वाढलंस कशाला?”

“तुम्ही बरोबर म्हणालात ना. मी परत विचारायचं कसं?” मग म्हणाली, “मी काही तिला तुमच्यापासून तोडत नाही, भावोजी. तिला भूक लागावी एवढंच बघते.”

मी जोडे घालायला वेळ लावला. गाडी चुकली, पुढची धरली.

ता. २६, रविवार

यमूने शिकवले. ती चुलीपासून लांब बसली, मी चुलीशी. सासूबाई म्हणाल्या, “बाई गं, काय हे दिवस, जावई चुलीशी!” यमू म्हणाली, “आई, तू बाहेर जा बघू.”

पिशवी फुटली नाही. साल एका ओढीत निघाली. पहिला कढ. दुसरा. “उतरा. उतरा म्हणते ना! विचार कसला करताय?” मीठ मी स्वतः पाहिले आणि खरे सांगितले.

मनूने माझ्या हातून चार घास खाल्ले. पाचव्याला म्हणाली, “आता मावशी.”

चार.

जेवणानंतर मी तिला मांडीवर घेऊन विचारले, “ठाण्याला येतेस माझ्याबरोबर?”

“मावशी आली तर येते.”

एकटा पुरुष, घरात दुसरे बाईमाणूस नाही, तिथे तरुण विधवा मेहुणी कशी न्यायची? आळीत काय बोलतील ते मला ठाऊक आहे, सासूबाईंनाही. त्या म्हणाल्या, “संक्रांतीनंतर बघू.”

गाडीत एक गोष्ट कळली, ती इथे लिहून ठेवतो. यमू आलीच, तर मनू रोज तिच्याच हातचे खाईल, माझ्याच घरात. तेही मला सोसेल की नाही, सांगता येत नाही.

ता. २ जानेवारी १८८७, रविवार

कल्याणास गेलो नाही. कचेरीचे काम आहे म्हणून काल निरोप धाडला. काम नाही.

आज पोरीच्या पोटात किती घास गेले ते मला कळणार नाही. न कळता एक दिवस राहता येते का, ते पाहावयाचे होते. दुपारपर्यंत दोनदा स्टेशनच्या रस्त्याला लागून परतलो.

माकूल घेतले होते. दोन कढांवर उतरवले. मऊ झाले, मीठ बरोबर. दोघांपुरते होते, एकट्याने संपवले. अंगात ताकद आल्यासारखे काही वाटले नाही. पोट मात्र भरले.

मग मागल्या दारी बसून राखेने भांडी घासली, धुतली आणि फळीवर पालथी घातली.