कुटुंबाचे मत

दिनांक ९ ऑक्टोबर, शुक्रवार, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. कार्यालयात बसून एका माणसाला चौथ्यांदा मरताना पाहत आहे.

तीर्थस्वरूप आत्या,

(तीर्थरूप फक्त आईवडील, आत्याला तीर्थस्वरूप. नववीत शाळा सुटली, पण हे सुटले नाही.) माझा नमस्कार घे. खुर्चीला चाके असल्यामुळे वाकताना ती मागे गेली, तरी भावना पोचावी. तुझा गुडघा आता जिना मानतो का? माझे म्हणशील तर प्रकृती ठीक, बाकी सगळे बुडाले.

परदेशी मालिकांचे भाषांतर झाले की पडद्याखालच्या मराठी ओळींचे शुद्धलेखन तपासायचे, एवढेच माझे काम. तेही हंगामी, या महिनाअखेरपर्यंत. पण प्रमाणपत्राचा अर्ज भरणाऱ्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि साहेबांनी छत्तीस भागांची एक जपानी ॲनिमे, म्हणजे हाणामारीची कार्टून मालिका, माझ्या गळ्यात घातली. "सहकुटुंब पाहण्यासारखी आहे का ते ठरव. नीट केलंस तर कायम करतो."

अर्ज एकपानी, पण रकाने जीवघेणे. 'ठोसे : संख्या'. आता, नायक चौदाव्या भागात हात उगारतो, ठोशाचे नाव ओरडून सांगतो, मग त्याला बालपण आठवते आणि ठोसा सतराव्या भागात लागतो. हा एक धरायचा की चार? (मी सव्वातीन लिहून खोडले.) 'रक्त : होय/नाही'. रक्त आहे, पण निळे. 'मृत्यू : संख्या'. नायकाचे गुरुजी चार वेळा मरतात आणि दर वेळी आधीपेक्षा तरुण होऊन येतात. परत आलेले वजा करावेत तर उत्तर उणे दोन येते. (दोघे न मरताच परत आले.)

शेवटचा रकाना 'कुटुंबाचे मत'. मी पडलो एकटा, भाड्याच्या खोलीत राहणारा. म्हणून घरमालकांचे कुटुंब उसने घेतले : मालक, मालकीणबाई आणि मालकांची म्हातारी आई. रोज संध्याकाळी सहा ते आठ, ते तिघे बैठकीत आणि मी वही घेऊन दाराजवळ. दोन दिवस सुखाचे गेले. तिसऱ्या दिवशी कळले, की खलनायक शहरे जाळत सुटतो कारण थोरल्या भावाने वडिलांची तलवार लाटली. आजी म्हणाल्या, "बरोबर आहे त्याचं. थोरल्यानं सगळं गिळलं की धाकट्यानं काय हात चोळत बसायचं?" मालक थोरले आहेत. (धाकटे तीन गल्ल्या पलीकडे राहतात आणि येत नाहीत.)

"आई, कार्टून आहे ते," मालक म्हणाले.

"मी कुठं तुझं नाव घेतलं?"

इतका वेळ मटार सोलणाऱ्या मालकीणबाई खाली बघूनच म्हणाल्या, "तलवार पंधरा वर्षं पुसत कोण होतं, तेवढं विचारा त्यांना." मग आजी रडल्या, मालकीणबाई रडल्या, रिमोट कपाटामागे गेला आणि ही सगळी आग मीच लावली असे ठरले. आत्या, मालिकेत सात शहरे जळतात तरी संध्याकाळी सगळे एकत्र जेवतात. इथे एक रिमोट पडला आणि तीन ताटे तीन खोल्यांत गेली.

मी खरे तेच लिहिले. साहेबांना थोडक्यात लागते, म्हणून : 'कुटुंबाने खलनायकाची बाजू घेतली. कुटुंब दोन वेळा रडले. कुटुंबाने रिमोट फेकला. कुटुंब आता माझ्याशी बोलत नाही.'

साहेब जुन्या वळणाचे. बायकोला 'आमचं कुटुंब' म्हणतात, हे मी दोन वर्षे ऐकतो आहे, तरी डोक्यात उजेड पडला नाही. त्यांनी आत बोलावले, दार लावले, बसायला सांगितले (पहिल्यांदाच).

"बोलला नाहीस कधी. फार रडतं का कुटुंब?"

मी म्हटले, "आलटून पालटून."

"आणि बोलणं बंद?"

"भाडंही वाढवणार म्हणतंय."

साहेबांनी स्वतःचा चहा माझ्याकडे सरकवला. "जपून घे. आमचंही पहिल्या वर्षी असंच होतं. कायमची जागा मला संसारी माणसालाच द्यायची होती. सोमवारी जोडीनं या, मताखाली कुटुंबाची सही लागते."

'जोडीनं' या शब्दाला मला कळले, पण तोवर तोंडातून 'हो साहेब' निघून गेले होते. आता खरे सांगावे तर अर्जच खोटा ठरतो आणि खोटे रेटावे तर बायको आणू कुठून? योग्य की अयोग्य, तो रकाना अजून कोरा आहे. लोभ आहेच; तो निदान सोमवारपर्यंत टिकावा.

तुझा,
भाचा

ता. क. १ : गेल्या वर्षी तू एका मुलीची माहिती पाठवली होतीस. आवडीनिवडींत तिने 'सिनेमे पहाणे' लिहिले होते, म्हणून मी लाल शाईने 'पाहणे' करून, खाली 'दुरूस्त केले आहे' असे लिहून कागद परत धाडला होता. तिचे कुठे जमले का, एवढे विचार. सोमवारी फक्त एक सही हवी आहे. (मत तिचे तिने लिहावे.)

ता. क. २ : सही राहू दे. साहेबांना मी सोमवारी खरे सांगेन, मग नोकरी राहो न राहो. तुला सांगितले नव्हते, पण तो कागद तिने मला उलट टपालाने पाठवला होता. माझ्या 'दुरूस्त'भोवती पेन्सिलीने गोल आणि शेजारी 'रु ऱ्हस्व'. मी कोशात पाहिले. तिचेच बरोबर होते. कागद अजून त्याच पानात आहे आणि ते पान मी दिवसातून एकदा तरी उघडतो, शब्द कुठलाही अडलेला असो.

ता. क. ३ : हे पत्र तिला दाखवू नकोस. दाखवणारच असशील, तर आधी कोणाकडून तरी तपासून घे.