माझ्या दगडावर 'शी' नको

मी, छ्याओ याओलिंग, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा कबरीचे दगड खोदणे, राहणार बेइलू गाव, शानडोंग प्रांत, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे. शंका असेल त्याने माझ्या तोंडावर विचारावी.

१. राहते घर व मागचे दगडांचे आवार माझी मुलगी फांग हुइचिन हिला मिळावे. मुलाला शहरात घर घेतानाच त्याचा वाटा दिला आहे. त्याने इथे डोळा ठेवू नये.

२. छिन्न्या आणि हातोडेही हुइचिनलाच. माझ्या वडिलांना मुलगा नव्हता म्हणून ही हत्यारं माझ्या हातात आली. माझे धाकटे दीर फांग शौयी लग्नापासून म्हणत आलेत, "बाईच्या हातचा दगड पितरांना चालत नाही." तरी त्यांच्या घरातले चार दगड मीच खोदलेत. पितरांची अजून तक्रार आलेली नाही.

३. 'शी' या अक्षराविषयी. चार रेघांचं अक्षर, अर्थ 'घराणं'. साठ वर्षं मी ते बायकांच्या दगडांवर खोदत आले: सासरचं आडनाव, माहेरचं आडनाव, शेवटी 'शी'. झाली बाई! तिचं स्वतःचं नाव कुठेच नाही. भावोजी म्हणतात, "वहिनी, जुना मानाचा शब्द आहे तो." अहो, जुने ग्रंथ मीही वाचलेत. त्यांत 'शी' लागतो शेती शिकवणाऱ्या राजाच्या नावापुढे. त्या काळी तो पुरुष लावत, तोही घराण्याला मानमरातब असेल तर. बायका आपलं जन्माचं कूळ सांगत. राजाला तो नावाला जोडून मिळाला, आम्हाला नावाऐवजी. असला मान भावोजींनी स्वतःच्या दगडावर घ्यावा.

४. माझ्या आईचा दगड मीच खोदला, एकोणिसाव्या वर्षी. घरात तिला कोणी नावाने हाक मारत नसे. मी विचारलं, "बाबा, आईचं नाव काय घालू?" ते म्हणाले, "'शी' घाल. नाव घेऊन काय करायचंय?" मी मुकाट्याने घातलं. मामा आधीच गेले होते, मग बाबाही गेले. आज माझ्या आईचं नाव जगात कोणाला ठाऊक नाही. ते पाप माझ्या हातचं आहे आणि मला त्याची लाज वाटते. त्या दगडावर कोणी अंदाजाने नाव घालू नये.

५. यजमानांच्या दगडाविषयी. ते गेले तेव्हा मी सुतकात होते. भावोजींनी संधी साधून परगावचा कारागीर आणला. रिवाजाप्रमाणे शेजारी माझीही ओळ खोदून घेतली, 'फांग-छ्याओ शी', आणि मी जिवंत म्हणून तिच्यात लाल रंग भरला. मेल्यावर काळा भरायचा. तीन वर्षं मी ते सहन केलं. यंदा कबरी झाडायचा सण झाल्यावर छिन्नी घेऊन गेले. हुइचिन पाणी ओतत होती. तीन दिवसांत ती ओळ घासून काढली, माझं पूर्ण नाव खोदलं आणि लाल रंगवलं.

भावोजी धावत आले. "वहिनी, कुळाची अब्रू घालवलीत! तुम्ही डोळे मिटा, दुसऱ्या दिवशी घासून टाकतो."

"घासा की," मी म्हटलं. "दगड तिथे आता पातळ झालाय. पुन्हा छिन्नी लावलीत तर तडकेल, तुमच्या भावाच्या नावासकट."

भावोजी आल्या पावली परत गेले. पण भावकी गप्प बसणार नाही, हे मला ठाऊक आहे.

म्हणून माझी शेवटची इच्छा: मी गेल्यावर त्या नावात काळा रंग हुइचिनने भरावा. कोणी आडवं आलं तर बाळ, तू भांडत बसू नकोस. रंगाचा डबा उचल, घरी ये. नाव लालच राहू दे. येणारा-जाणारा वाचेल आणि समजेल, छ्याओ याओलिंग अजून जिवंत आहे.

लिहिणार व सही करणार: छ्याओ याओलिंग

समक्ष सह्या: मिआओ शूझेन, शेजारीण, गे चांगफू, खाणीवरचे मुकादम

बेइलू, १२ एप्रिल २०१८