ह्यांना प्रवेश मिळाला

ती. वन्संना,

तुमच्या भावजयीचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे आता कसे आहेत? जिना उतरताना कठडा धरता ना, की कोणी बघत असलं की अजूनही हात सोडून ऐटीत उतरता? भावोजींचा खोकला थांबला असेल, नसला तर त्यांना पंखा बंद करायला सांगा. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते, पण खरं म्हणजे सध्या आम्ही ठीकच्या दोन बोटं वर आहोत. वन्सं, तुमच्या भावाला व्यसनमुक्ती केंद्रात प्रवेश मिळाला! येत्या सोमवारी दाखल व्हायचंय. (मिळाला म्हणतेय, घेतला म्हणत नाही. फरक पुढे कळेल.)

तर झालं असं, की मागच्या महिन्यात डॉक्टरांनी ह्यांचं लिव्हर पडद्यावर दाखवलं आणि म्हणाले, आत्ता दारू थांबवलीत तर सावरेल, नाही थांबवलीत तर पुढच्या खेपेला मला काही दाखवावं लागणार नाही. हे घरी आले. चपला काढल्या आणि म्हणाले, जाईन, पण केंद्र मी निवडणार. आता तुम्हाला माहीतच आहे, ह्यांचा जन्म नळांच्या कारखान्यात तपासनिसाच्या खुर्चीवर गेला. नळ हातात घेतात, कानाशी धरून फिरवतात आणि बाजूला टाकतात. कामगार पाठीमागे ह्यांना 'नापासराव' म्हणतात, आणि हे ते घरी येऊन मला कौतुकाने सांगतात. मी मनात म्हटलं, संपलं! हा माणूस (माफ करा, तुमचा भाऊ आहे) एकेक केंद्र नापास करत बसणार आणि तपासणीचा शीण घालवायला रोज संध्याकाळी बाटली उघडणार. तरी इस्त्रीचा शर्ट काढून दिला आणि निघाले ह्यांच्याबरोबर.

पहिलं केंद्र काय सांगू! दारात कारंजं, आत गुळगुळीत फरशी, आणि टाय लावलेला एक व्यवस्थापक, ज्याचं हसू आम्ही निघेपर्यंत मावळलं नाही. त्याने पोहण्याचा तलाव दाखवला, मालिशची खोली दाखवली, आणि शेवटी म्हणाला की आमच्याकडे बरं होण्याची शंभर टक्के हमी. झालं, ह्यांच्या कपाळाला आठी पडली. म्हणाले, साहेब, मी उभ्या आयुष्यात शंभर टक्के पास झालेला माल पाहिला नाही. जो असं सांगतो त्याने तपासलेलंच नसतं. गेलेल्या माणसांचं पुढे काय झालं हे तुम्ही कधी विचारता का? तो हसू तसंच ठेवून परत तलावाकडे वळला. वन्सं, खरं सांगते, कारंज्यापाशी उभी राहून माझी मान अशी ताठ झाली होती की विचारू नका. चार लोकांत आपला नवरा शहाण्यासारखं बोलला की दुसरं काय हवं असतं बाईला. (रोज बोलत नाहीत, म्हणून तर लिहून कळवते.)

दुसरं ठिकाण मात्र भलतंच. बाहेरून कुलूप, गळ्यात शिट्टी अडकवलेला एक दांडगा रखवालदार, आणि आत ओळीने बसवलेली माणसं, कोणी मान वर करेना. ह्यांनी विचारलं, डॉक्टर कधी येतात? उत्तर आलं, लागले तर बोलावतो. दारू अचानक तोडल्यावर कोणाला झटका आला तर? उत्तर आलं, इथे कोणाला झटके येत नाहीत. मग ह्यांनी कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्याला सरळ विचारलं, आजोबा, जेवण बरं मिळतं का? तर त्याच्या वतीने रखवालदारच म्हणाला, मिळतं! हे तिथून तडक बाहेर पडले. रस्त्यात म्हणाले, ज्या खोलीत प्रश्न एकाला विचारला आणि उत्तर दुसऱ्याने दिलं, तिथे माणूस ठेवायचा नाही. त्या म्हाताऱ्याच्या वतीने केंद्राची तक्रार करायला आम्ही दोघं सरकारी दवाखान्यात जाऊन आलो, तेही सांगून ठेवते.

तिसरं केंद्र आमच्या शेजारणीने सुचवलं, म्हणजे केंद्र कसलं, एका वैद्य म्हणवणाऱ्या गृहस्थांची बाहेरची खोली. त्यांच्याकडे एक गुप्त पावडर होती. ती नवऱ्याला नकळत चहातून द्यायची, त्याला अजिबात पत्ता लागू द्यायचा नाही, की सुटलीच दारू. हे सगळं त्या गृहस्थांनी मला समजावलं, आणि नवरा माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून मन लावून ऐकत होता! मध्येच ह्यांनी विचारलंसुद्धा, की मी कॉफी घेत असलो तर चालेल का? गृहस्थ म्हणाले, चालेल, पण तुम्ही तिकडे बघा, हे तुम्हाला कळायचं नाहीये. रस्त्यावर आल्यावर आम्ही दोघं इतके हसलो की मला फूटपाथवरच बसावं लागलं. कित्येक वर्षांत आम्ही एकाच गोष्टीवर एकदम हसलो नव्हतो. घरी आल्यावर मी चहा केला तर ह्यांनी कप आधी माझ्यापुढे सरकवला.

आणि मग चौथं. साधी दुमजली इमारत, खाली शिंप्याचं दुकान. चालवणाऱ्या बाईंना सगळे 'मोठ्या बाई' म्हणतात. त्या स्वतः कधीकाळी पीत होत्या, हे त्यांनी आपलं आडनाव सांगावं तितक्या सहज सांगितलं. ह्यांना म्हणाल्या, कुठेही फिरा, कोणालाही विचारा. हे फिरले. डॉक्टर रोज येतात, रात्रीला नर्स असते, पहिले दिवस वेगळ्या खोलीत लक्ष ठेवतात, घरच्यांनाही बोलावून बसवतात. किती जण परत पिऊ लागतात विचारलं, तर बाई म्हणाल्या, बरेच, आणि परत येतात, आम्ही परत घेतो. हे स्वयंपाकघरापर्यंत जाऊन आले आणि ऐटीत म्हणाले, पास! तेवढा मोरीतला नळ बदला. बाई म्हणाल्या, बदलते. आता तुमची तपासणी. का आलात? हे म्हणाले, डॉक्टर म्हणाले, बायको म्हणाली, कारखान्याने रजा दिली. बाईंनी विचारलं, आणि तुम्ही स्वतः काय म्हणता? वन्सं, त्यावर तुमच्या भावाने नळाच्या वॉशरवर जे भाषण सुरू केलं ते थांबेचना. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, खाट रिकामी आहे, पण तपासनिसासाठी नाही. ज्याला यायचंय तो माणूस आला की त्याला पाठवा.

नापास! जन्मभर दुसऱ्यांना बाजूला टाकणारा माणूस माझ्यादेखत बाजूला टाकला गेला.  घरी आल्या आल्या तोंडाचा पट्टा सुटला, बाई स्वतःला समजते कोण, मला नाही म्हणते! मी मूग गिळून पोळ्या लाटत होते (आतून मला उकळ्या फुटत होत्या). दुसऱ्या दिवशी सकाळी हे दाढी करून एकटे निघून गेले. मला यायचंय का, विचारलंही नाही. तिथे काय बोलले ते मला ठाऊक नाही, सांगत नाहीत, आणि मीही खोदून विचारत नाही. परत आले तेव्हा डोळे सुजलेले होते. रस्त्यावर फार धूळ आहे म्हणाले. आणि मग, बढती मिळाल्यासारखं छाती काढून, मला घेतलं म्हणाले.

वन्सं, मी त्या दिवशी घरभर उगाचच फिरत होते. शेजारीण तिच्या भाच्याला परदेशी कॉलेजात प्रवेश मिळाल्याचं सांगायला आली. मी म्हटलं, अभिनंदन, आमच्याकडेही झाला, आणि तिथे काही कोणालाही घेत नाहीत. कुठे, ते स्पष्ट सांगितलं. लाजायचं काय त्यात? मला तुमच्या भावाचा अभिमान वाटतो, आणि तो मी हिच्या-तिच्यासमोर मिरवणार.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि जिन्यावर कठडा धरा.

तुमची,
भावजय

ता. क. : वर सगळं लिहिलं, पण दुसऱ्या केंद्राच्या दिवशी हे थोडी घेऊन आले होते. रखवालदारासमोरचा तो ताठा निम्मा बाटलीचा होता. निम्मा मात्र ह्यांचाच.

ता. क. २ : आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते. वन्सं, रागावू नका. गेल्या खेपेला ह्यांनी केंद्रातून फोनवर रडून दाखवलं, आणि तुम्ही गाडी करून गेलात, भांडलात आणि त्यांना घरी घेऊन आलात. मायेने आणलंत, मला माहीत आहे. ह्या खेपेला आणू नका. मी पाया पडते.

ता. क. ३ (हे अक्षर माझं नाही, ओळखालच) : अक्का, हिने पत्र वाचायला दिलं. थोडी नव्हे, बरीच घेतली होती. बाकी बरोबर आहे. मी तुला फोन करणार. इथे उपाशी मारतात म्हणेन, आईची शपथ घालीन, तू नाही आलीस तर मी तुझा भाऊ नाही असंही म्हणेन. तुला ते सगळं खरं वाटेल, कारण त्या वेळी मलाही ते खरंच वाटत असेल. तरी येऊ नकोस.