माझ्या नावची मेंढी

गारखेडा, औरंगाबाद
१४ मे २०१९

हनुमानभाऊ,
नमस्कार. मायच्या पाया पडते. तुझ्या सृष्टीचा खोकला थांबला का? इथं नळाला आठवड्यानं पाणी येतं, बाकी ठीक.

फोनवर तू ओरडतोस आणि मी गप्प बसते, म्हणून लिहितेय. तुझा सवाल ध्यानात आहे. लासूरच्या बाजारी व्यापारी येणार, तुझी मेंढरं तू देणार, माझ्या चांदी मेंढीचं काय?

आधी कामाचं सांगते. दिवाळीत चांदीचं रक्त नेलं होतं ना, त्यातली जनुकं आमच्या प्रयोगशाळेत वाचून झाली. पण मशीन सगळं बारीक तुकड्यांत देतं. ते जोडायचं सॉफ्टवेअर आयतं मिळालं नाही, सोर्स कोड आणून आमच्याच संगणकावर कंपाईल करावं लागलं, म्हणजे चालतं बनवावं लागलं. मायला सांगितलं तर म्हणाली, "जित्या मेंढीला ठिगळं लावतीस व्हय गं?"

लई छळलं त्यानं. एक लायब्ररी, म्हणजे त्याला लागणारा जोड-कोड, दिली की दुसरी मागायचं. शेवटी झालं, चालवलं, तर मध्येच बंद पडलं. तुकडे जास्तीत जास्त किती लांबीपर्यंत जुळवायचे, ते कंपाईल करतानाच सांगायचं असतं. मी सांगितलंच नव्हतं. ती मर्यादा मागाहून वाढत नाही. सगळं पुसून परत केलं.

परवा चाललं. सरांनी पेढे आणले. म्हणाले, "ही मेंढी आता आपल्याकडं कायमची राहिली." मी मान हलवली. पेढा गोड लागला नाही.

भाऊ, मला काहीच वाटत नाही. रडूसुद्धा येत नाही, त्याचीच भीती वाटते. चारा छावणीत मेंढरं घेत नाहीत, विहिरीत गाळ उरलाय, हे तू सांगत होतास आणि मी पडद्यावरच्या ओळी वाचत होते.

माझ्या बारशाला आण्णांनी चांदीची पणजी माझ्या नावानं सोडली. तिच्या पोटचं सगळं माझं. "पोरीचं मेंढरू पोरीच्या शब्दाबिगर हलायचं नाय," असं आण्णा जाईपर्यंत म्हणायचे. म्हणून तू माझ्या शब्दासाठी थांबलास. तुझ्या मेंढरांच्या वाट्याचं पाणी चांदीला पाजलंस, आणि तुझी तांबडी मेंढी तहानेनं गेली. हे मायनं सांगितलं. तू नाही बोललास.

दे तिला. कोकरंही दे. हाच माझा शब्द.

फक्त बाजारी न्यायच्या सकाळी सगळ्यांना पोटभर पाणी पाज. आणि चांदीला हाकशील तेव्हा मायला घरात बसव.

जिच्या नावावर आता एकही मेंढरू नाही, अशी
तुझी बहीण,
ज्ञानेश्वरी