अधोलीची शीग

आई, आज सणाची कणीक मळताना तुझी फार आठवण झाली, म्हणून लिहायला बसले. चौथीपर्यंत शिकलेल्या तुझ्या सुनेचं अक्षर तुला ठाऊकच आहे, ओळी डोंगर चढतात.

पोलादपुरात तेव्हा आपलं एकच इस्राएली घर उरलं होतं. तेलाचा घाणा कधीच मोडला होता, तरी शनवारी काम बंद ठेवणारे म्हणून गाव आपल्याला शनवार तेलीच म्हणायचं. मी डेअरीत दूध मापायला जायचे, रात्री माझ्या पोरांच्या पुस्तकांतून दशांश शिकायचे, आणि नवं शिकलेल्या माणसाला दिसेल ते मापावंसं वाटतं. त्यात मुंबईच्या मामेभावानं धर्माच्या रीतींचं मराठी पुस्तक आणून दिलं. त्यात होतं, की गव्हाचं पीठ ओमरभर असेल तरच कणकेचा गोळा देवासाठी काढताना बेराखा, म्हणजे देवाचं नाव घेऊन करायची हिब्रू प्रार्थना, म्हणायची. कमी असेल तर देवाचं नाव घ्यायचं नाही. ओमर म्हणजे एफा या धर्मग्रंथातल्या जुन्या मापाचा दहावा हिस्सा, सुमारे सव्वादोन लिटर.

ती शुक्रवारची दुपार अजून दिसते मला. कौलातल्या काचेतून ऊन उतरतंय, त्यात पीठ तरंगतंय, आणि तू धुक्यात बसल्यासारखी परातीशी बसली आहेस. शेजारी धान्य-पीठ मापायची तुझी पितळी अधोली, तुझ्या सासूकडून आलेली. मी डेअरीतलं लिटरचं माप आणून तिच्यात पाणी ओतते. दोन लिटरला ती काठोकाठ. पाण्यात काचेतलं आभाळ हलतंय.

"आई, पाव लिटर कमी भरतं."

"कमी कसं? सासूबाय सांगायच्या, आपल्या धा अधोल्या म्हंजे एक एफा."

"त्यांना लिटर तरी ठाऊक होता का? एफाला सव्वाअकरा लागतात."

"मोठी मास्तरीण झालीस गो! दूध मापता मापता आता देवाला मापायला निघालीस." तू हसलीस. मग ते हसू हळूहळू विरलं. "म्हंजे इतकी वर्सं मी देवाचं नाव फुकट घेतलं? त्ये पाप हाय गो."

पुस्तकात आहे तेच सांगितलं, असं म्हणून मी सुटले. त्यानंतर तू गोळा काढायचीस, चुलीत टाकायचीस, पण मुकाट्यानं. पीठ थोडं जास्त घे म्हटलं, तर म्हणायचीस, "आतापासून घेईन गो, पण मागलं कसं भरून निघायचं?" आणि घ्यायची नाहीसच. दोन वर्षांनी तू गेलीस.

त्याला आता चौदा वर्षं झाली. जवळच्या वीर गावी रेल्वे आली, तिच्यातून एक दिवस माझी मुंबईची सून उतरली. परवा तिला अधोलीनं तांदूळ मापून देत होते. माप काठाला लागलं तरी माझा हात ओततच राहिला.

"आई, भरलं की माप! सांडतंय."

"अगो, शीग नको? बिनशिगेचं माप घरच्या माणसाला देतात का?"

बोलले आणि अधोली खाली ठेवली. शीग! काठावर उभा राहतो तो ढीग. तू पीठसुद्धा कायम शिगेनंच घ्यायचीस, रोज माझ्या डोळ्यांदेखत. पाण्याला कुठली आलीय शीग? काखेत कळसा नि गावाला वळसा, तो हाच. दार लोटून घेतलं आणि शिगेचं पीठ लिटरनं मापलं. सव्वादोन, वर मूठभर. तुझ्या सासूच्या धा अधोल्या बरोबर होत्या. तुझी बेराखा एकदाही फुकट गेली नव्हती, आई. एवढं सांगायला उशीर झाला.

आज मी शिगेनं पीठ घेतलं, कणीक मळली, गोळा काढला. सुनेच्या माहेरी ही रीत कधीच सुटलेली, ती हात पुसत जवळ आली आणि म्हणाली, "म्हणा ना, मी ऐकून शिकते." सुरुवातीचे दोन शब्द आले, तुझ्याच आवाजात आले. पुढे काहीच आलं नाही. तू म्हणायचीस तेव्हा मी दुधाच्या घाईत असायचे, आणि निवांत ऐकता आलं असतं ती शेवटची दोन वर्षं मीच तुला गप्प केलेलं.

तिला वाटलं, मी मनात म्हणतेय. डोळे मिटून ती माझ्या शेजारी उभी राहिली. मी नुसते ओठ हलवत राहिले, आई, आणि ती आमेन म्हणाली.