गोगलगायीचं पहिलं नाव

आई, तुला वाकून नमस्कार, आजीला लांबूनच.

मी बरी आहे. जेवण वेळेवर होतं, निदान सुट्टीच्या दिवशी. तुझा गुडघा कसा आहे?

आमच्या संग्रहालयाच्या साहेबांनी एका गोगलगायीला नवी जात ठरवून देणगीदाराचं नाव दिलं, समारंभही केला. त्याच जातीची गोगलगाय मला जुन्या कपाटात नावाच्या चिठ्ठीसकट सापडली. ऐंशी वर्षांपूर्वी एका शाळामास्तरणीनं तिला नाव ठेवून ते रीतसर छापलंही होतं. आमच्या शास्त्रात पहिलं छापलेलं नाव खरं. नंतरचं कितीही बड्या माणसाचं असो, बाद. मी तसं लेखी दिलं.

साहेब म्हणाले, "जुनं उकरून तुला काय मिळणार?"

"मला नाही, त्या बाईंना मिळेल."

तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. नोकरीची मुदत वाढेलसं दिसत नाही. पण कागद मागे घेणार नाही.

आजीनं लग्नात तुझं नाव बदललं, तेव्हा तुला कुणी विचारलं होतं का? तीस वर्षं तू त्या नावाला ओ देतेयस. या पाकिटावर मी तुझं पहिलं नाव घातलंय. पुढच्या पत्रांवरही तेच घालीन. पोस्टमन कधी म्हणाला, अशी कुणी इथे राहत नाही, तर त्याला थांबव आणि सांग, ती मीच.

तुझी,
हट्टी