धावपट्टीवरचा काळा खडा

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज पुन्हा सापडला! काळा, चिंचोक्याएवढा, मधून आरपार भोक. धावपट्टीच्या पूर्वेच्या टोकाला, जिथं विमान उडायच्या आधी थांबून इंजिनाचा जोर वाढवतं, तिथंच. मागच्या आठवड्यातला पण तिथलाच.

लोह्याजवळचा आमचा हा नवा विमानतळ. पहिल्या विमानाच्या आधी जीपनं सगळी धावपट्टी फिरायची, पडलेलं उचलायचं, हेच माझं काम. खिळा, स्क्रू, बॅगेचं चाक, पक्ष्याचं हाड, सगळं कळतं. पण हे काय हाय?

जीप चालवणारे भुजंगमामा म्हणाले, "ताई, बोराची बी असंल." बोराच्या बीला इतकं सरळ भोक कोण पाडतं!

५ नोव्हेंबर

उदगीरहून आईचा, आमच्या अव्वाचा फोन. "मंजुश्री, पोरी, तुझं काम काय गं नेमकं?" महिनाभर सांगून राहिले! शेवटी म्हटलं, अव्वा, तुरीच्या डाळीतले खडे निवडतेस ना, तसंच. तुझा खडा दाताखाली येतो, आमचा इंजिनात जातो. तिथं इंजिनाचं पातं मोडतं. उभ्या विमानाचं इंजिनसुद्धा जोरात फिरलं की जमिनीवरचं उचलून आत ओढतं.

"अगं बाई! मग तुला न्हाई ओढत?"

हसू आवरेना. दिवाळीला घरी गेले तेव्हाही हेच तिचं. माझं चमकणारं जाकीट मांडीवर घेऊन बसली, खालची शिवण उसवलीय म्हणाली, पक्की टीप घालून दिली. मला तर उसवलेली दिसली नव्हती. चष्मा तिचा, नजर पण तिचीच!

८ नोव्हेंबर

बोट टम्म! भलामोठा फोड. काल तो काळा खडा दगडानं फोडून बघितला, राहवलंच नाही. आतून काळं चिकट तेल निघालं. फोटो अव्वाला पाठवला, लगेच फोन.

"अगं, बिब्बा उतलाय! खोबरेल लाव आधी."

बिब्बा! अव्वा दर अमावस्येला अप्पांच्या आडतीच्या दुकानाच्या दाराला लिंबू, मिरच्या आन् बिब्बे तारेत ओवून बांधते. जन्मापासून बघते मी. तरी ओळखला नाही! धावपट्टीवर बिब्बा असेल असं येतं का कुणाच्या मनात?

"कुठं घावला म्हणलीस?" परत विचारलं तिनं. सांगितलं. तर म्हणे, "ठेव, कुकर लागलाय."

९ नोव्हेंबर

जाकिटाला खालच्या बाजूला काळा डाग. तीनदा धुतला, हलत नाही. जीपचं ग्रीस असणार. अव्वाला सांगितलं तर म्हणे, "घासत बसू नको. रविवारी घरी ये, जाकीट घेऊनच ये." एका डागासाठी उदगीर गाठू? काहीतरीच!

११ नोव्हेंबर

दिवसभर डोक्यात बिब्बाच. शेजारच्या रानात बिब्ब्याचं झाड नाही, कुंपणाच्या कडेनं फिरून बघून आले. प्रवासी त्या टोकाला जात नाहीत. पक्षी तारेत ओवत नाहीत! त्या टोकाला उतरतो ते फक्त आम्ही, जीपवाले.

मामांना सरळ विचारलं. "पयले बांधायचो जीपला लिंबू-मिरची, हाव. पर सायबांनी मना केलं तवापासून न्हाई. देवाशप्पथ!" मग हसून म्हणाले, "एक गंमत सांगू? तुमच्या सुट्टीला तुमच्या जागी सोमेश येतो, त्याला कधी काय बी घावत न्हाई. ताई, तुमची नजर लई बारीक हाय."

लई बरं वाटलं ऐकून!

१४ नोव्हेंबर

सकाळचं हैदराबादचं विमान. पूर्वेच्या टोकाला मी स्वतः उतरले होते, एक दिवा तिरका झाला होता म्हणून वाकून बघितला. चारी बाजूंनी नजर फिरवली. स्वच्छ! टॉवरला तसं कळवलं. थोड्याच वेळात विमान धावलं आणि धाडकन आवाज. पुढं जाऊन थांबलं. उडालं नाही, वाचलं. गुरुद्वाऱ्याचं दर्शन करून निघालेल्या म्हाताऱ्या बाया हात जोडूनच खाली उतरल्या. एकीला मी आधार दिला.

इंजिनवाल्यानं बॅटरी मारून दाखवलं. पात्याला खाच. आत तारेचा तुकडा, त्याला काळं चिकटलेलं. आमच्या विमानतळाच्या आनंदराज साहेबांनी विचारलं, काय असेल? मीच पुढं झाले — बिब्बा! मोठी शहाणी!

साहेब म्हणाले, "बिब्बा म्हणजे लिंबू-मिरची. लिंबू-मिरची म्हणजे जीप. जीप म्हणजे भुजंग."

१५ नोव्हेंबर

मामांना घरी बसवलं. सोमवारी निकाल. कंत्राटावरचा माणूस, निकाल काय लागणार ते सगळ्यांना माहीत. त्यांची मुलगी सृष्टी लातूरला डॉक्टरकीच्या क्लासला हाय, बाप नोकरीवर हाय म्हणून. जाताना गेटपाशी थांबले. "ताई, तुमी तरी सांगा त्यांना. म्या न्हाई बांधला."

मी मान फिरवून आत निघून आले. लाज वाटते. खरं तर मला पण वाटत होतं, त्यांनीच.

पण घरी निघायच्या आधी जीपखाली पाठीवर सरपटत जाऊन सगळं बघितलं. बंपर, चाकं, तळ. दोरा नाही, तार नाही, बांधल्याची खूण सुद्धा नाही. मामा खरं बोलतायत! मग कोण?

१६ नोव्हेंबर, रविवार

उदगीरला गेले नाही. जाकिटाच्या शिवणीतून धागा लोंबत होता, म्हटलं आपणच शिवू. बोटाला काहीतरी टोचलं. कात्रीनं उघडलं. दिवाळीतल्या टिपेचा, अव्वाचा हिरवा दोरा. लाल फडकं, झिजून भोक पडलेलं. मोडलेली तार. तिच्यात एकच बिब्बा उरलेला.

उद्या जाकीट घालून जायचं नाही. हातात घेऊन जायचं, आधी साहेबांकडं, मग भुजंगमामांच्या दारात.